मातीची चूल

आईच्या चुलीवर पाटलाने लाथ घातली, तेव्हा गौरीच्या नैवेद्याची शेपूची भाजी शिजत होती. चूल पुरती वाळलीही नव्हती. आवाज न करता खाली बसली. मडकं लवंडलं. भाजी चिखलात गेली.

"आसरा दिलाय, गाव न्हाय दिलं," पाटील म्हणाला. त्याच्या वहाणा करकरत लांब गेल्या.

आम्ही प्लेगातून पळून आलेली माणसं. संस्थानातलं आमचं गाव ओस पडलं, बाप तिथंच गेला. आई मला घेऊन नदी ओलांडून इकडे, निपाणीजवळच्या इंग्रजी मुलखात आली. गावाने वेशीबाहेर खोप घालू दिली. अट एकच. उपऱ्याने चूल तीन दगडांची मांडायची, मातीची घालायची नाही. दगडाची चूल मोडून माणूस उठून जातो. मातीची चूल बसली की माणूसही बसतो, मग पाणवठा मागतो, मसणवटा मागतो. असं त्यांचं म्हणणं. आमचे हात मात्र त्यांना चालायचे. पाटलाच्याच रानात आई तंबाखूचे शेंडे खुडायला जायची.

आई भोळी. तिला वाटलं, इतके पावसाळे इथं काढले, आता आपणही गौर आणावी. उचलत्या दगडांवर शिजवलेलं गौरीला कसं दाखवायचं? म्हणून तिने नदीची माती आणून चूल घातली. सणासुदीला कोण कशाला बोलेल, असं तिला वाटलं.

त्यानंतर मरेपर्यंत ती दगडांवरच रांधत राहिली. तोंड कायम दाराकडे. वाऱ्याने खोपीचा कूड वाजला तरी भांडं उचलून धरायची. ती गेली आणि तेच दगड माझ्याकडे आले. भीतीही आली. चूल फुंकता फुंकता मी कान द्यायची. करकर ऐकू यायची. बाहेर कुणी नसायचं. शेपू मी आजही खात नाही.

मग पूर्वेकडे दुष्काळ पडला. विजापूरकडची माणसं पोरंबाळं घेऊन आली, माझ्या खोपीशेजारी थांबली. म्हातारा पाटील मेला होता. आता त्याचा लेक पाटील. त्याने मला चावडीसमोर बोलावलं.

"तुला कानडी येतं. सांग जा त्यांस्नी, चूल दगडाचीच. तू बी तशीच आलतीस की."

गोड बोलला. बापाची लाथ आता त्याला माझ्या पायाने मारायची होती. संताप झाला, पण गेले.

एक बाई काटक्या गोळा करत होती. मी तोंड उघडायच्या आत तिनेच कानडीत विचारलं, "आक्का, चुलीला माती कुठं मिळंल?"

माझ्या आईला हे विचारायला इथं कुणी आक्काच नव्हती.

मी तिला नदीवर नेलं. माती आणली, तूस कालवलं. आधी तिची चूल घातली, मग माझी. दिवसाढवळ्या, वाटेवरून दिसेल अशी. पाटील आला. वहाणा तशाच करकरत होत्या. मी चुलीपुढून उठले नाही.

"आण्णा, आसरा द्यायचा आसंल तर चुलीसकट द्या. न्हायतर वेशीत हुबं ऱ्हाऊन न्हाय म्हणा, आन् तंबाखू तुमची तुमीच खुडा."

त्या दिवशी त्याने चूल मोडली नाही. पुढे मोडणार नाही, असंही म्हणाला नाही.

करकर अजून येते. आता मी भांडं उचलत नाही. आईचे तिन्ही दगड मी नदीत टाकलेत. चूल मोडली तर पुन्हा मातीचीच घालीन. तिथंच.