शिंगाला बांधलेला दोरा

दळणाचा डबा गिरणीत ठेवून शालूबाई कधी घरी आल्या नाहीत. आपल्याच गव्हाचं पीठ आपल्याच डब्यात पडेपर्यंत त्या उभ्या राहत.

म्हणून दसऱ्यानंतर सून संयोगिता गाईच्या शिंगांत ताजं शेण भरून ती तासगावजवळच्या द्राक्षबागेच्या कडेला पुरू लागली, तेव्हा त्या बांधावर ठाण मांडून बसल्या. सून कराडला सेंद्रिय शेतीचं प्रशिक्षण घेऊन आली होती. शिंगं गुढीपाडव्याला उकरायची, तोवर शेणाची माती होते, वासही राहत नाही, असं ती सांगत होती. मग त्यातली मूठभर बादलीभर पाण्यात तासभर घुसळायची, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, आणि चंद्र बघून रानात शिंपडायची.

त्यासाठी तिला शालूबाईंच्या नावावरचा अर्धा एकर हवा होता. नवऱ्यामागं तेवढाच तुकडा त्यांचा स्वतःचा. सून ऐनवेळी विकतचं खत भरलेली दुसरी शिंगं पुढं करणार, याची त्यांना खात्री होती. दुसऱ्या दुपारी त्यांनी एक शिंग उकरलं, त्याला न कुजणारा नायलॉनचा काळा दोरा घट्ट बांधला आणि पुन्हा पुरलं. शेंगांच्या पोत्यांनाही त्या असाच दोरा बांधत.

पाडव्याला शिंगं निघू लागली. सहावं हातात येताच त्यावरचा काळा दोरा बघून संयोगिता मागं सरली. शिकलेली मुलगी, पण चेहरा उतरला.

"आत्या, हात लावू नका. करणी केलीय कुणीतरी."

तिची नजर पलीकडच्या रानात, शालूबाईंच्या जावेकडे, मंगलकडे गेली. बांधावरून धुसफूस जुनीच होती. सगळी शिंगं ओढ्यात टाकते आणि काकींना आजच जाब विचारते, असं म्हणून ती उठली.

आता नुसतं गप्प बसलं की अर्धा एकर वाचत होता. पण मंगल बांध कोरते, करणी करत नाही, एवढं शालूबाईंना ठाऊक होतं.

"दोरा माझा हाय," त्या म्हणाल्या. "खुणेचा."

"कसली खूण?"

"तू शिंगं बदलशील म्हणून."

संयोगितानं तेच शिंग दगडावर आपटलं आणि निघालेली काळी, भुरभुरीत माती सासूच्या तळहातावर ठेवली. शालूबाईंनी हुंगली. शेणाचा मागमूस नव्हता. त्यांनी दोरा उलटसुलट करून बघितला. गाठ त्यांचीच होती.

"जमिनीत कायबी पुरलं तर त्याची मातीच हुणार की," त्या म्हणाल्या. मग माती सुनेच्या हातात परत देत, "बादली आण. माझ्या रानात टाक. पर घुसळणार मी. तू तास म्हणशील आन् अर्ध्या तासात उठशील."