पन्हाळ्याचं माकड, रंकाळ्याचा बगळा

जगातल्या समस्त पुरुषजातीचे दोनच प्रकार आहेत, हे आमच्या हिच्या आत्यांइतकं ठामपणे कुणालाच ठाऊक नसेल: एक माकड, दुसरा बगळा. अभ्यास दोन्हींचा घरचा. माहेर पन्हाळ्यावर, तिथे हातातल्या भाकरी माकडांनी पळवल्या. सासर रंकाळ्याकाठी, तिथे रोज दारातून बगळे दिसायचे. "माकड आधी गाल भरतंय, मग इचार करतंय," आत्या सांगतात. "बगळा आधी इचार करतोय. मासा निघून जातोय, तरी ह्याचा इचार चाललेलाच."

भावकीत मुलगी दाखवायची असली की आत्यांना रिक्षा पाठवून आणतात. त्या मुलाचा पगार, शेती, फ्लॅट काही विचारत नाहीत, नुसत्या त्याच्या पोह्यांच्या बशीकडे बघतात. एकाने आधी शेंगदाणे तेवढे वेचून खाल्ले, तर आत्या त्याच्या वडिलांना तोंडावर म्हणाल्या, "पावणं, पोरगं माकड हाय की तुमचं." ते स्थळ तिथेच मोडलं. पुढे तो मुलगा दर वर्षी धंदा बदलू लागला, तसा आत्यांचा भाव आणखी वधारला. त्यांनी पास केलेले बगळे मात्र सुखाने नांदताहेत, निदान कुणाची तक्रार नाही.

मग आमच्या मुलीने स्वतःच एक मुलगा पसंत केला. आत्या नको म्हणाल्या तर हे लग्न नाही, असं हिने बजावून ठेवलं होतं. मुलगा आला तो फाटकाची कडी निघेना म्हणून कुंपणावरून उडी टाकून. आपले पोहे संपवून त्याने माझ्या बशीतलेही खाल्ले, आणि बोलता बोलता आमचा बंद पडलेला पंखा दुरुस्त करायला स्टुलावर चढला. मुलीचा चेहरा पार उतरला.

"माकड हाय," आत्या म्हणाल्या. मुलगी आत जायला उठली. "बस की. पोरगी द्या ह्याला."

"अगं आत्या, आजवर तू बगळेच निवडलेस ना?" हिला राहवेना.

"निवडले की. आमचं मालक बी बगळाच हुतं. कधी वाईट शब्द न्हाई. चांगला बी न्हाई. जेवलं, हात धुतलं, पाण्याकडं तोंड करून बसलं." आत्यांनी पदर सारखा केला. "ते गेलं त्या दिवशी घर जेवढं गप हुतं, तेवढंच आधी बी हुतं."

तेवढ्यात पंखा कुरकुरत फिरू लागला आणि वरून तो मुलगा म्हणाला, "आज्जी, वारा लागतोय काय?"

आत्यांनी डोळे पुसले. "लागतोय बाबा. तू बोलत ऱ्हा."