काकोसांचं चाक

ज्याला माठ विकायचा त्याचा आधी पाणउतारा करायचा, ही काकोसांची रीत होती. मुरलीपुऱ्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून त्या म्हाताऱ्या कुंभाराचं अंगण होतं; काकोसा म्हणजे इकडचे काका. एका कडेला चाक, दुसऱ्या कडेला माठ भाजायची भट्टी. पहिल्याच दिवशी मी जाणकारासारखा माठ कानाशी धरून वाजवला, तर म्हणाले, "बाबूजी, खरबूजा नहीं है."

माझं खरं कर्तृत्व पुढेच आहे. माठ पाझरून ओटा ओला होतो, म्हणून मी त्याला बाहेरून ऑइलपेंट फासला. ओटा कोरडा झाला. पाणी मात्र चहाला ठेवल्यासारखं. वर तक्रार घेऊन गेलो मीच. काकोसांनी बायकोला हाक मारली, शेजाऱ्याला बोलावलं आणि मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. "फिर क्या किया बाबूजी ने? हाँ, वो बताओ." दोन राज्यं ओलांडून बदली होऊन आलेल्या माणसाला त्या गल्लीत ओळख मिळाली ती अशी. नवा माठ त्यांनी हातात दिला आणि बजावलं, "इसको साँस लेने देना."

मग सोसायटीला भट्टीचा धूर दिसायला लागला. भट्टी आधीची, फ्लॅट नंतरचे, हे सांगायला मी मीटिंगमध्ये आवेशाने उठलो. आवेशात माझी हिंदी मराठीत शिरते. "आप लोग जरा समजून घ्या ना," म्हटल्यावर जो हशा पिकला, त्यात मुद्दा वाहून गेला. सेक्रेटरी मायेने म्हणाले, "इनकी काकोसा से अच्छी बनती है. नोटीस यही दे आएँगे." काकोसांचा वकील म्हणून उठलेला मी सोसायटीचा पोस्टमन होऊन बसलो.

काकोसांनी भट्टी बंद करायची नोटीस वाचलीही नाही. "धूप में आए हो, पानी पी लो," एवढंच म्हणाले. मी शिव्यांची वाट पाहत उभा होतो. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

भट्टी विझली. त्यानंतरच्या थंडीत सेक्रेटरींच्या मुलीचं लग्न निघालं. इकडे लग्नाआधी बायका वाजतगाजत कुंभाराच्या दारी जाऊन चाक पूजतात आणि मडकी डोक्यावर घेऊन परततात. आमच्याही बायका ढोल लावून गेल्या. चाकाला हळदकुंकू लागलं. काकोसांनी दुसऱ्याकडून विकत आणलेली मडकी पुढे केली. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "काकोसा, थोड़ा घुमाइए ना, वीडियो बन रहा है."

काकोसांनी चाक फिरवलं. वर माती नव्हती. बायका गात होत्या, आणि मी भाड्याचा फेटा बांधून ढोलाशेजारी टाळ्या वाजवत होतो.

होळीनंतर काकोसा मुलाकडे सांगानेरला गेले. चाक जड, ते अंगणातच राहिलं. सेक्रेटरींनी ते आमच्या गेटच्या आत आणून बसवलं आणि वर पत्र्याची शेड घातली. म्हणाले, "घर-घर में बेटियाँ हैं, काम आएगा."