लाविनियाचा खर्ज

माझे वडील अन्सेल्मो बेर्ताक्की इटलीतल्या इमोला गावच्या मोठ्या चर्चमध्ये गायकांचे प्रमुख होते. सणावारी नवीन स्तोत्रं बांधायची आणि एरवी घरी पोरांना, बाप्यांना गाणं शिकवायचं. प्रत्येकाला आरशासमोर उभं करायचे. गाताना तोंड वाकडं झालं की छडी. चर्चमध्ये बायकांनी गायचं नाही. गाणाऱ्या मुलीला जागा एकच, ननांचा मठ. मठातही हुंडा द्यावा लागे, पण आवाज उपयोगाचा असला तर तो माफ व्हायचा.

माझ्या थोरल्या बहिणीला, लाविनियाला, तिथेच जायचं होतं. नवऱ्याच्या घरी रोज गायला कोण देणार? हुंड्याची आमची ऐपत नव्हती, म्हणजे सगळं आवाजावर. आणि तो जाड होता.

“ही बोलली की शेजारीण विचारते, पाहुणे कुठले आलेत,” आई म्हणायची.

“ओढला की चढेल,” बाबा म्हणायचे. मठात कोकिळाच घेतात, अशी त्यांची समजूत. त्यांनी कित्येक वर्षं तिला वरच्या पट्टीत ओढलं. घसा बसला की आई कांदा शिजवून मधातून द्यायची.

परीक्षेला आम्ही मठाच्या जाळीपुढे उभे राहिलो. पलीकडे मठाच्या मुख्य मदर बसल्या होत्या, दिसत नव्हत्या. लाविनियाने स्तोत्र सुरू केलं आणि वरच्या सुराला तिचा आवाज फाटला.

“असली पाखरं आमच्याकडे झाडभर आहेत, बाळ,” मदर म्हणाल्या. “खर्ज गाणारी सिस्टर थंडीत गेली. तिची ओळ आम्ही ऑर्गनवर भागवतो.”

बाबा टोपी घेऊन निघालेसुद्धा. लाविनिया हलली नाही.

“खालचं येतं मला.”

“तुला कोणी शिकवलं?” बाबांनी विचारलं.

“तुमचे दाढीवाले शिकतात तेव्हा मी पलीकडे भांडी घासते. कानात बोळे घालत नाही.”

तिने तेच स्तोत्र खालून गायलं. हुंडा माफ झाला.

पुढे मठासाठी स्तोत्र बांधायला बाबा बसले आणि अडले. लेकीचा आवाज खाली कुठवर पोचतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शेवटी भेटीच्या दिवशी जाळीपाशी जाऊन विचारावं लागलं.

“त्या दिवशीच्यापेक्षा दोन सूर खाली लिहा,” ती म्हणाली. “आणि आईला सांगा, लोकरीचे मोजे पाठव. फरशी फार गार आहे इथली.”