व्हिचेन्झातल्या दुकानात आईची नथ

आई इंग्लंडमध्ये रीडिंगला आमच्याकडे राहायला आली होती, तेव्हा ईस्टरच्या सुट्टीत मी तिला इटलीतल्या व्हिचेन्झाला नेलं. शहर छोटं, पण सोन्याच्या कारागिरीसाठी नावाजलेलं. "एवढं लांब जाऊन व्हेनिस नाही बघणार?" नवऱ्याने विचारलं, तर आईच म्हणाली, "पाणी काय बघायचं? सोनं बघू."

फोटोंसाठी तिने मुद्दाम हिरवी नारायणपेठी आणली होती. तिथल्या मोठ्या चौकात ती साडी, नाकात मोत्यांची नथ आणि पायात स्पोर्ट्स शूज अशी ऐटीत उभी राहिली. फोटो झाले आणि तशाच आम्ही समोरच्या सोनाराच्या दुकानात शिरलो.

काउंटरवर साधारण आईच्याच वयाची बाई होती. मी कानातले दाखवायला सांगितले, पण तिची नजर आईच्या नाकावरून हलेना.

"दुखत नाही?" तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

आईने नथ चटकन काढून तिच्या हातावर ठेवली. दाबाची नथ होती. बाई खूश झाली आणि तिने आतल्या खोलीत काम करणाऱ्या नवऱ्याला हाक मारली. तो भिंग घेऊनच बाहेर आला.

"अगं, भिंग कशाला?" आई माझ्या कानाशी लागली. "खोटी आहे ती! तुळशीबागेतली. आधीच सांगून टाक."

मी सांगितलं. "ते कळलं मला," तो हसत म्हणाला, "पण घडण किती सुरेख आहे!"

तेवढ्यात आई काउंटरला वळसा घालून पलीकडे पोचली होती. "मान वर कर बघू," असं चक्क मराठीत म्हणत तिने त्या बाईच्या नाकात नथ बसवली. बाईने आरशात पाहिलं. तिचा नवरा काहीतरी पुटपुटला आणि ती अशी लाजली, की मला भाषांतराची गरजच पडली नाही.

"राहू दे तिलाच," आई म्हणाली.

"आणि गणपतीत तू काय घालशील?"

"दुसरी घेईन की. बघ, किती शोभतेय!"

बदल्यात बाई कानातले देऊ लागली. आईने ते काही घेतले नाहीत. मग आम्हाला बसवून कॉफी पाजली गेली.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा नवीन गिऱ्हाईकं आली होती आणि बाई नथ घालूनच त्यांना साखळ्या दाखवत होती. आईने काचेतून नीट पाहिलं.

"जरा खाली सरकलीय," ती म्हणाली आणि नथ सरळ करायला परत आत गेली.