नवा माणूस असता तं?

माझ्या थोरल्या साडूंना फोनवर रस्ता सांगून घरापर्यंत आणू शकेल असा माणूस अजून आमच्या पांढुर्ण्यात जन्मला नाही. सौंसरात, म्हणजे त्यांच्या गावात, जन्मला असेल तर तो त्यांच्यासमोर तोंड उघडत नसेल. माझं लग्न झालं तेव्हापासून ते आमच्या घरी येतात, घरातला माठ कुठे ठेवला आहे इथपर्यंत त्यांना ठाऊक. तरी एकदा मी सहज म्हणून गेलो, "स्टेशनवरून सरळ या," तर ते सरळ आले, रस्ता डावीकडे वळतो तिथे भर उन्हात थांबले आणि मला फोन लावला. "पाव्हणे, रस्ता वळून राहिला. तुम्ही तं सरळ सांगतलं होतं." मी म्हटलं, "भाऊजी, आत्ता दिवाळीतच तर येऊन गेले ना तुम्ही." त्यावर शांतपणे म्हणाले, "मले माहीत आहे हो. पण नवा माणूस असता तं?"

हा नवा माणूस आमच्या नात्यागोत्यात कोणी कधी पाहिला नाही, पण साडूंच्या घरी तो कायमचा वस्तीला होता. त्यांच्या पुतणीच्या लग्नाची पत्रिका छापून आली, तिच्यावर स्थळ म्हणून 'वधूचे निवासस्थान' लिहिलेलं. साडूंनी तो गठ्ठाच्या गठ्ठा छापखान्यात परत नेला. "नव्या माणसाले वधूचं घर माहीत नाही. वधू बी माहीत नाही. त्यानं काय गावभर अक्षता घेऊन फिरावं?" छापखानेवाला म्हणाला, "साहेब, ज्याला वधू माहीत नाही त्याला पत्रिका देताच कशाला?" साडूंनी या मुद्द्यावर बराच विचार केला, पण पत्रिका पुन्हा छापून घेतलीच. माझी मोठी साळी, जिला मी ताई म्हणतो, ती हसून म्हणायची, "मी लग्न करून आली तेव्हा मीच नवी होती या घरात. मले कोणी काही लिहून नाही देल्लं."

बसस्टँडजवळ त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. बागायतदारांच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला, तांब्याच्या तारांच्या मागे, एक कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरवर त्यांचा खरा संसार चालायचा. लहान वाचनालयांसाठी कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी मिळून एक सॉफ्टवेअर बनवलेलं आहे. फुकट आहे, कोणीही वापरावं, कोणीही सुधारावं. साडू ते सौंसरच्या एका वाचनालयात बसवायला गेले, मधेच अडकले, आणि रागाच्या भरात त्या लोकांना लिहून कळवलं की तुमच्या माहितीच्या पानात एक पायरी सुटली आहे. तिकडून उत्तर आलं, मग तुम्हीच लिहा. यांनी लिहिलं. पुढे पुढे असं झालं की जगभरातून कोणीही 'हे कसं वापरावं' सांगणारं पान पाठवलं की ते तपासून ठेवायचं की परत करायचं, हे सौंसरच्या बसस्टँडवर ठरू लागलं. ताईचं म्हणणं एवढंच, "या नोकरीत पगार नाही, पण सुट्टी बी नाही."

तपासण्याची त्यांची रीत म्हणजे, जे लिहिलं तेवढंच करायचं. अक्कल बाजूला काढून ठेवायची, चष्म्यासारखी. पान ज्याचं असेल तो गावातला निघाला तर त्याला दुकानात बोलावून स्टुलावर बसवायचे आणि समोर कोणीतरी भलताच माणूस ते पान वाचून काम करायला बसायचा. मोटार न्यायला आलेला शेतकरी असो की बसची वाट पाहणारा कोणी. लिहिणाऱ्याला एकच हुकूम, "हात मांगे, तोंड बंद." पानात 'सोपं' हा शब्द दिसला की पान परत. तिकडच्या एका मोठ्या इंजिनिअरलाही त्यांनी सोडलं नाही. "सोपं हाय का नाही ते वाचणाऱ्यानं सांगावं. लिहिणाऱ्याले कायची घाई?" मात्र पान परत करताना खाली आभार न चुकता लिहायचे, आणि संत्र्याचा बहार असला तर झाडाचा एक फोटोही जोडायचे. फोटो बघून राग धरणं कोणाला जमत नसे.

मला जमलं. आमच्या मोहल्ल्यातल्या विहारात पुस्तकांची दोन कपाटं होती, तिथे मी हे सॉफ्टवेअर बसवलं आणि 'पुस्तकाची नोंद कशी करावी' असं मराठीत पान लिहून पाठवलं. पान ठेवून घेतलं की लिहिणाऱ्याचं नाव जगाला दिसेल असं लागतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्याआधी आमच्या घरचं नाव छापलेलं म्हणजे रेशनकार्डावर. मला ते नाव बाबांना दाखवायचं होतं, दुसरं काही नाही. साडूंनी पान परत केलं. मी सुधारून पाठवलं, त्यांनी पुन्हा परत केलं. तिसऱ्या वेळी संत्र्याचा फोटो आला तेव्हा मी फोनच केला. "भाऊजी, मी ग्रॅज्युएट आहो." पलीकडून आवाज आला, "पदवी तुमची झाली, पाव्हणे. पानाची परीक्षा बाकी आहे."

आणि रविवारी ती परीक्षा घ्यायला ते सौंसरहून बस पकडून खरोखरच आले. विहारात बाबा कपाटं पुसत होते. बाबांची हयात कापसाच्या जिनिंगमध्ये गेलेली. वाचन दांडगं, पण कॉम्प्युटरला त्यांनी कधी फडकंसुद्धा लावलं नव्हतं, भोवतालचं टेबल तेवढं पुसायचे. साडू म्हणाले, "बसा दादा. हे लेकानं लिहिलं, तसं करा." मी स्टुलावर, हात मागे. बाबांनी पान हातात धरलं, पहिली ओळ मोठ्यानं वाचली, आणि समोरच्या काळ्या पडद्याकडे पाहत बसले. बसूनच राहिले. बटन त्यांच्या बोटापासून वीतभर. मी पुढे वाकलो तसा साडूंनी नुसता माझ्याकडे पाहिलं.

शेवटी बाबाच म्हणाले, "कोणी चालू करून देईल तं मी करतो."

"तुम्हीच करा ना दादा," साडू म्हणाले.

"असं कसं? मिस्त्रीनं लाव म्हटल्याबिगर मशीनले हात लावत नसते. काही बिघडलं तं?"

साडूंनी माझं पान तेवढं माझ्या हातात दिलं आणि परतीच्या बसला निघून गेले. जाताना नव्या माणसाचं नावही काढलं नाही. तो मला दिसला होता.

त्या दिवशी मी पानाच्या सगळ्यात वर एक पायरी लिहिली. 'मशीनचं बटन तुम्हीच दाबा. काही बिघडत नाही.' पुढच्या रविवारी बाबांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, माझ्याकडे पाहिलं. माझे हात मागे होते. त्यांनी बोट धोतराला पुसलं आणि बटन दाबलं. मी पान पुन्हा पाठवलं. संध्याकाळी ते मंजूर झाल्याचं दिसलं, खाली साडूंचा एकच शब्द, 'जमलं.' नाव दाखवलं तर बाबा म्हणाले, "पाहिलं. आता सरक, अजून अर्धं कपाट नोंदवाचं बाकी हाय." पुढे ती ओळ दुसऱ्या भाषांतल्या पानांवरही गेली. काही बिघडत नाही हे ऐकायची गरज फक्त आमच्या मोहल्ल्यालाच नव्हती म्हणायचं.

आता बाबा नाहीत. साडूंचं दुकान आहे, कॉम्प्युटरही आहे. पानं येतात, पूर्वीपेक्षा जास्त येतात, पण बहुतेक मशीनकडून लिहून घेतलेली. परवा सौंसरला गेलो तेव्हा ते एक पान वाचत होते. मी विचारलं, "काय चुकलं, भाऊजी?" म्हणाले, "काहीच नाही. सगळं बरोबर आहे. पण हे लिहिताना कोणी कोणाच्या बाजूला बसलं नाही, पाव्हणे. दिसून राहिलं ते." स्टुलावर मोटारीचे सुटे भाग ठेवले होते. त्यांनी ते उचलून खाली ठेवले, मी बसलो, आणि कोणी न सांगता माझे हात मागे गेले. ताईनं चहा आणला. बाहेर पांढुर्ण्याची बस लागली तसा मी उठलो.

"एखादं पान लिहून आणा ना," ते तारा गुंडाळता गुंडाळता म्हणाले. वर पाहिलं नाही.

"आता सवय गेली, भाऊजी. चुकलं तं?"

"लिहा हो," साडू म्हणाले. "काही बिघडत नाही."