वीतभर साखळी

जगदाळेताईंचा डावा कान अर्धाच आहे. वरचा तुकडा नाही. तो पदराने झाकायचा प्रयत्न त्यांनी कधी केला नाही. कुणी विचारलंच तर कुत्रा चावला म्हणून मोकळ्या होतात. सहा वर्षं मी त्यांच्याबरोबर देवासहून जीपने उदयनगरच्या आठवडी हाटाला जातोय, आणि पहिली चार वर्षं मीही त्या कुत्र्यावर विश्वास ठेवून होतो.

मी माधव, औषधं देणारा. स्वभाव तापट, हे आधीच सांगून टाकतो. वरिष्ठांशी भांडलो म्हणून मला मनोरुग्णांसाठीच्या या फिरत्या पथकात टाकलं, आणि पहिले काही महिने मी सगळ्यांच्या नावाने बोटं मोडत होतो. ताई मात्र ही नेमणूक स्वतः मागून घेऊन आल्या होत्या. विद्युल्लता जगदाळे, नर्स, धारच्या एका जुन्या मराठा घरातल्या. पणजोबांना दरबारात मानाची जागा होती म्हणतात. ती जागा गेली, पण ताईंच्या आवाजातली जरब तेवढी शिल्लक राहिली.

हाटाच्या कडेला, मिरच्यांच्या ढिगांपलीकडे आमचं टेबल लागतं. फलकावर 'नींद, सिरदर्द, घबराहट' एवढंच लिहिलंय. ही ताईंची युक्ती. वेड्यांचा दवाखाना म्हटलं असतं तर कुत्रंसुद्धा फिरकलं नसतं. हाटाला तर सगळे येतातच. मीठ घेता घेता डोकं दाखवून जातात. डॉक्टर देवासला बसून फोनच्या पडद्यावर रोगी बघतात.

पहिल्याच दिवशी एका बाईला खाटेला बांधून आणलं होतं. पोटावर तापलेल्या विळ्याचे डाग, एक तर अजून ओला. ती बडबडत होती आणि तिचा नवरा दर वाक्याला तिच्या तोंडावर चप्पल मारत होता. ताईंनी त्याचं मनगट धरून असं पिरगळलं की तो मातीत बसला. मग त्यालाच गोळ्यांच्या वेळा दहादा म्हणून दाखवायला लावल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रेमसिंगचं प्रकरण याच जरबेमुळे बिघडलं.

रेमसिंग धामनोदला हायवेवरच्या ढाब्यावर ट्रक धुवायचा. पुढे ट्रक त्याच्याशी बोलू लागले. घरी आला तो आईला दगडाने मारतच आला. उदयनगरच्या पुढे जंगलात त्यांची वस्ती, तिथे फलिया म्हणतात. आई भुरीबाई आणि धाकटा भाऊ उमाशंकर यांनी त्याला गोठ्याच्या खांबाला साखळीने बांधलं. आम्ही पोचलो तेव्हा त्याला तिथे पाच महिने झाले होते. घोट्याभोवतीचं मांस सडलं होतं. जेवणाची ताटली काठीने पुढे ढकलत. ताई आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या वेगळ्याच बाई होऊन आल्या. भुरीबाईला वाटेल तसं बोलल्या. औषध लागू पडायला काही आठवडे जातील, तोवर घाई नको, असं डॉक्टरांनी फोनवर दोनदा सांगितलं. ताईंनी ऐकलं नाही. हाटातला लोहार जीपमध्ये घालून आणला आणि साखळी तोडायला लावली. इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, आणि परत येताना वाटेत मला म्हणाल्या, आज झोप लागेल.

तिसऱ्या दिवशी रेमसिंगने कुऱ्हाड उचलली आणि झोपलेल्या उमाशंकरवर घातली. मानेवरचा घाव जाग आलेल्या उमाशंकरने हातावर झेलला. इंदूरला तो उजवा हात कोपराखालून काढावा लागला. इकडे फलियातल्या माणसांनी रेमसिंगला बांबूंनी झोडपला. पुढचे दात गेले, तीन बरगड्या मोडल्या. मेला समजून टाकला, आणि श्वास चालू दिसला तेव्हा पुन्हा त्याच खांबाला बांधला. या वेळी साखळी दीड हाताची. पोलिसांत कुणी गेलं नाही.

पुढच्या हाटाला ताई थेट फलियात गेल्या. मी नको म्हणत होतो. भुरीबाई दारातच लाठी घेऊन उभी होती. पहिला तडाखा ताईंच्या खांद्यावर, दुसरा डोक्यावर. रक्त कपाळावरून खाली आलं तरी ताईंनी हात वर केला नाही.

"एक छोरा को हाथ तो लई गई बाई," भुरीबाई म्हणाली, "अब कई लेगी?" आता आणखी काय नेणार, असं.

माझं पित्त खवळलं. जीपमध्ये ताईंच्या डोक्याला पट्टी बांधता बांधता मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता ठाण्यात जायचं, सरकारी बाईवर हात टाकते म्हणजे काय. ताईंनी पट्टीची गाठ स्वतःच मारून घेतली. मग त्यांनी कानाची खरी गोष्ट सांगितली.

त्यांना मोठा भाऊ होता, राजवर्धन. कॉलेजात असताना त्याला असंच झालं. वडील उदाजीराव यांनी त्याला माडीवरच्या खोलीत घातला आणि बाहेरून कडी लावली. पाहुण्यांना सांगायचे, पुण्याला असतो. इंदूरचा डॉक्टर दोन तासांवर होता. पण दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटलं तर? एकदा ताट घेऊन ताई आत गेल्या, तेव्हा त्याने त्यांना खाली पाडून कानाचा तुकडा दातांनी तोडला. उदाजीरावांनी त्याला पट्ट्याने पट्टा तुटेपर्यंत मारलं. ताई दारात कान दाबून उभ्या होत्या आणि, हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, मनातून अजून मारा म्हणत होत्या. त्यानंतर नऊ वर्षं ताट दाराखालून सरकवलं गेलं. राजवर्धनला खोलीबाहेर काढला तो चौघांच्या खांद्यावरूनच.

"साखळी बघितली आणि मला तीच खोली दिसली, माधव," ताई म्हणाल्या. "मी राजवर्धनला सोडवत होते. हात मात्र उमाशंकरचा गेला."

ठाण्यात आम्ही गेलो नाही.

पुढच्या खेपेला ताईंनी भुरीबाईच्या दारात बसून बोलणं केलं. साखळी काढा असं त्या पुन्हा म्हणणार नाहीत. साखळी राहू द्या, फक्त इंजेक्शन आणि गोळ्या चालू ठेवू द्या. आणि ज्या आठवड्यात रेमसिंग कुणाला मारणार नाही आणि कुणी रेमसिंगला मारणार नाही, त्या आठवड्याची वीतभर साखळी लोहाराकडून जोडून मिळेल. दोन्ही बाजूंनी हात आवरायचा, असा सौदा. सरकारी नर्स हाटात गुरांची साखळी हाताने पारखून घेते, हे बघून मला शरमही वाटली आणि रागही आला. उद्या चौकशी लागली तर मी तोंड कुठे लपवू, असं मी तोंडावर बोललो. त्यांनी तीच साखळी माझ्या हातात दिली आणि जीपमध्ये ठेवायला सांगितली.

पहिले दोन महिने एक वीतसुद्धा वाढली नाही. दर खेपेला भुरीबाई सांगायची, काही झालं नाही, आणि ताई रेमसिंगचा सदरा वर करायच्या. पाठीवर ताजे वळ असायचे. मारणारा उमाशंकर. डाव्या हाताने मारायला शिकला होता. ताई त्याला रागावल्या नाहीत. वळांना मलम लावायच्या, लोहाराला परत पाठवायच्या, आणि जाताना त्याच्या थोट्या हाताचीही पट्टी बदलायच्या. तो तोंड फिरवून बसायचा. एकदा त्याने ताईंच्या पायाशी थुंकून दाखवलं. मी उठलो, ताईंनी मला डोळ्याने बसवलं.

औषधाने हळूहळू काम केलं. ट्रकांचे आवाज कमी झाले. रेमसिंग ताटलीतलं अन्न सांडेनासा झाला, आईला ओळखून हाक मारू लागला. एका खेपेला लोहार जोडणीला बसणार एवढ्यात उमाशंकर खाटेवरून बोलला.

"मत जोड़. मंगल को मैंने मारा था. इसने कुछ नहीं किया."

पाठीवर वळ नव्हता. लाथ मारली होती, तो बोलला नसता तर कुणाला कळलंही नसतं. ताईंनी मान हलवली आणि लोहाराला उठवला. त्या दिवसानंतर त्या घरात कुणी कुणाला मारलं नाही. साखळी दर आठवड्याला वाढत गेली. आधी गोठ्याच्या दारापर्यंत, मग पाण्याच्या हौदापर्यंत, मग अंगणातल्या लाकडांच्या ढिगापर्यंत. रेमसिंग चालायचा तेव्हा ती मागे खळखळत यायची आणि कोंबड्या पळायच्या.

या वर्षी होळीच्या आधी आम्ही गेलो. भुरीबाईने साखळीच्या कुलपाची किल्ली ताईंपुढे केली. ताईंनी हात मागे घेतला. म्हणाल्या, ज्याला भीती आहे त्याने उघडावं, मी उघडणार नाही. उमाशंकर उठला. डाव्या हाताने, बराच वेळ खटपट करून त्याने कुलूप काढलं. मग घरात गेला आणि कुऱ्हाड घेऊन बाहेर आला. तीच कुऱ्हाड, दांडा तेवढा नवा. भुरीबाई किंचाळून मध्ये धावली. मी ताईंना मागे ओढलं. माझी खात्री होती की तो आज हिशेब पुरा करणार.

उमाशंकरने कुऱ्हाडीचा दांडा भावाच्या पुढे धरला.

"लकड़ी फाड़ दे. मुझसे एक हाथ से नहीं फटती."

रेमसिंगने कुऱ्हाड घेतली. उमाशंकर त्याच्यासमोर, हातभर अंतरावर उभा राहिला. तिथून तो हलला नाही. रेमसिंगने कुऱ्हाड वर नेली तेव्हा माझे डोळे मिटले. लाकूड फुटल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग तिसरं. सगळा ढीग फोडून झाल्यावर त्याने कुऱ्हाड भिंतीला टेकवली, खांबापाशी येऊन बसला आणि सवयीने पाय पुढे केला, बांधून घ्यायला.

उमाशंकरने साखळी उचलून त्याच्या हातात दिली.

"इससे भैंस बांध आ, भाई."

भाई हा शब्द त्या अंगणात मी पहिल्यांदा ऐकला. रेमसिंग साखळी घेऊन म्हशीमागे उतारावरून खाली गेला. मला रडू आलं. तापट माणसाला रडू आलं की तो आधी चिडतो; मी ड्रायव्हरवर ओरडलो, भिया, गाड़ी निकालो, अजून किती वेळ थांबायचं.

ताई अंगणातल्या खाटेवर बसल्या होत्या. बोटं त्या अर्ध्या कानाशी गेली होती.

"थांब जरा, माधव," त्या म्हणाल्या. "मोकळा सोडलेला माणूस घरी परत येतो, एवढं बघू दे मला."

थोड्या वेळाने रेमसिंग उतार चढून आला आणि त्याने आईकडे पाणी मागितलं.